गळतीवरचं संशोधन

मी सातवीत असताना आमच्या वर्गावर संशोधन झालं. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. इथं तिरुपूरला आमच्या शेजारच्या खोलीत बीडकडची एक बाई राहते. ती म्हणाली, "संशोधन? तुम्ही काय उंदरं होता का गं?" मलाही हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी कंपनीत बनियनांचे धागे कापताना सारखं तेच आठवत राहिलं, आणि दोनदा कात्री कापडालाच लागली.

आमचं गाव मंठा तालुक्यात. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, मधूनमधून तूर. गावापासून थोडी लांब आमची वस्ती, मेंढरंवाल्यांची. कुणी मेंढरं विकून मजुरीला लागलं होतं, कुणी वाट्यानं शेती करत होतं. आमच्याकडं मेंढरं होती. घरात बा, माय, मी, आणि बाची थोरली बहीण, माझी आत्या. आत्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत माहेरी परत आलेली. घरात शब्द तिचाच चालायचा. बा तिला आक्का म्हणायचा आणि तिच्यापुढं कधी आवाज चढवायचा नाही.

शाळा सातवीपर्यंत होती. आठवीला मोठ्या गावाला जावं लागे, काळीपिवळी जीपनं. आमच्या वस्तीवरची एकही पोरगी त्या जीपमध्ये चढलेली मी पाहिली नव्हती. मला चढायचं होतं.

मॅडम आल्या त्या सांगलीकडच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका पोराला विचारलं, "काय रे, निबंध कुठाय तुझा?"

तो म्हणाला, "लिहून राह्यलो, मॅडम."

"राहिलास? का राहिलास? बाकीच्यांनी तर दिला."

"न्हाई मॅडम, मी लिहूनच राह्यलो ना!"

"अरे, तेच विचारतेय, लिहायचा का राहिलास?"

सगळा वर्ग लोळून हसला. पोरगा रडकुंडीला आला. शेवटी कुणीतरी सांगितलं की मॅडम, तो लिहितोय असं म्हणू राह्यला. मॅडमनी खडू खाली ठेवला. मग त्या पोराजवळ जाऊन म्हणाल्या, "चूक माझी झाली. लिही तू."

असं म्हणणारा शिक्षक आम्ही पाहिला नव्हता. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मला मात्र ते बरं वाटलं नाही. मोठं माणूस चूक कबूल करतं तेव्हा पुढं काहीतरी वाईट होतं, असं मला तेव्हा वाटायचं. अजून वाटतं.

संशोधनाची गोष्ट त्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी काढली. म्हणाल्या, "मी माझ्याच वर्गाचा अभ्यास करणार आहे. तुम्हाला नीट शिकता यावं म्हणून मी काय बदलायला पाहिजे, ते शोधायचं. एक गोष्ट बदलायची, काय होतं ते बघायचं, नाही जमलं तर दुसरी."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सुई टोचायची का मॅडम?"

"सुई नाही रे. तुम्हाला नाही, टोचून घ्यायचं मला आहे."

मोठे गुरुजी दारात उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, संशोधन विद्यापीठात होत असतंय. इथं हजेरी झाली, खिचडी वाटली, का दिवस भरला." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना आमची नावं, आमच्या बापांची नावं, कुणाच्या घरी काय दुखतंय, सगळं माहीत होतं. म्हणूनच त्यांना नवीन काही नको असायचं.

मॅडमनी मात्र बदलायला सुरुवात केली. ज्यांच्या मागं लहान भावंडं असायची त्यांना ती वर्गात आणू दिली. कोपऱ्यात सतरंजी टाकली. शाळा सुटायच्या आधी त्या एकच प्रश्न विचारायच्या, "आज कोणत्या वेळी गप्प बसावंसं वाटलं?" आम्ही सगळे एका सुरात, "न्हाई मॅडम!" पण त्या रोज विचारायच्या, आणि मग हळूहळू पोरं बोलायला लागली. मी म्हणाले, "उभं राहून वाचा म्हणलं की." दुसऱ्या दिवसापासून उभं राहून वाचणं बंद. दोघीदोघींनी शेजारी बसायचं, एकीनं हळू वाचायचं, दुसरीनं बोट फिरवायचं. माझ्या जोडीला माझी मैत्रीण होती, गावातली. तिच्या कानाजवळ तोंड नेऊन मी पहिल्यांदा पान सलग वाचलं. आवाज चुकला तरी तो तिच्याच कानात चुकायचा.

आज मी औषधाच्या बाटलीवरचं वाचते, लेकीच्या शाळेचा निरोप वाचते. इथली भाषा मला अजून नीट येत नाही, पण शब्द आला नाही की मी विचारते, याचा तुमच्यात अर्थ काय? हे विचारायची सवय मॅडमची. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही. म्हणून पुढचं लिहिताना मला भीती वाटते की वाचणाऱ्याला वाटेल, सगळं त्या बाईमुळं झालं. तसं नाही.

एक दिवस त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, गळती. म्हणाल्या, "माझ्या संशोधनाचा हा विषय. मूल मधूनच शाळा सोडतं, त्याला गळती म्हणतात. आपल्या शाळेतून सातवीनंतर मुली गळतात. का गळतात, आणि मी काय केलं तर गळणार नाहीत, ते मला बघायचंय."

मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "शाळेला काय भोक पडलंय का?"

मी हसले नाही. आमच्या घरी त्या दिवसांत हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं.

आमच्या कळपात गळती लागली होती. गाभण मेंढ्या दिवस भरायच्या आधीच टाकत होत्या. सकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात मेंढरं बसतात तिथं, मातीत काहीतरी ओलं पडलेलं असायचं. कुत्रं लांब बसून तिकडं बघत असायचं, जवळ जायचं नाही. बा फावडं घेऊन बाभळीमागं जायचा. परत आला की हात धुवायचा, पुन्हा धुवायचा. दोन-चार दिवस नीट गेले की वाटायचं थांबलं. मग पुन्हा.

मंठ्याहून जनावरांचे डॉक्टर आले. हातमोजे घालून त्यांनी मेंढ्या तपासल्या, रक्त घेतलं. निघताना बाला म्हणाले, "हा रोग माणसालाही लागतो. घरात कुणी गर्भार बाई हाय का?"

बा मायकडं बघायला लागला. मायला पाचवा लागला होता.

"तिला मेंढरांजवळ बिलकुल येऊ देऊ नका. वाघरीत न्हाई, धारेला न्हाई. दूध उकळल्याबिगर कुणी प्यायचं न्हाई. फावडं मारतानी हाताला पिशवी बांधा. कळलं का बराबर?"

माझ्या पाठीवर मायचं दोनदा पोट रिकामं झालेलं. एकदा तर मी तिच्याजवळच होते. त्यामुळं डॉक्टर गेले तसं आत्यानं मायच्या हातातला खराटा काढून माझ्या हातात दिला. तेवढंच.

तेव्हापासून वाघूर झाडणं, कोकरांना पाजणं, पाणी दाखवणं, सगळं माझ्याकडं आलं. आधी शाळेला उशीर व्हायला लागला. मग एखादा दिवस चुकायला लागला. मग दोन. मॅडमनी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "तिच्या घरी बेजारी हाय." कुणाला काय बेजारी, ते तिनं सांगितलं नाही. आमच्याकडं पोटुशी बाईची गोष्ट बाहेर बोलत नाहीत, मेंढरांचीही नाही.

आणि मॅडम घरी आल्या. दिवस बुडाला होता. आत्यानं नुकताच दिवा लावलेला. मी लांबूनच त्यांना ओळखलं आणि मला आनंद झाला. माझ्यासाठी कुणी वस्तीवर चालत आलंय, ही गोष्टच मोठी होती.

आत्यानं घोंगडी टाकायला सांगितली. "बसा मॅडम. च्या कोराच हाय बरं का. दुधाची भीती घातलीय डाक्टरनं."

"चालेल, आत्याबाई. मला कोराच आवडतो."

"आवडत नसला तरी पाव्हणं असंच म्हणतेत," आत्या म्हणाली, आणि दोघी हसल्या. माय आतल्या दारात टेकून उभी होती. बा अजून कळपाकडं होता.

मॅडमनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "आत्याबाई, मी सध्या गळतीवर काम करतेय."

आत्या पुढं सरकली. "गळतीवर? तुमी? तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंच ना. सगळ्या वस्तीवर आहे. पण मला तुमच्या घराची जास्त काळजी वाटते."

"आमच्या घराची?"

"हो. त्याची लक्षणं आधीच दिसायला लागतात. मी बघत आलेय. पहिल्यांदा एखादाच दिवस जातो, कुणाला काही वाटत नाही. मग दिवस वाढत जातात. घरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे. आणि मग एक दिवस एकदम गळती होते. झाल्यावर काही करता येत नाही. म्हणून आत्ताच आले."

मला समजत होतं. मी शाळेत बसलेली होते आणि घरातही बसलेली होते. मॅडमच्या तोंडून एकेक वाक्य निघत होतं आणि आत्याच्या कानात दुसरंच काहीतरी शिरत होतं, हे मला दोन्हीकडून ऐकू येत होतं. मी मायकडं पाहिलं. तिचा हात पोटावर गेला होता. दिव्याची वात जराशी हलली, आत्याचं लक्ष तिकडं गेलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम," आत्या हळूच म्हणाली, "दिवा लागलाय. ह्या वक्ताला वास्तू तथास्तु म्हणती. असं बोलू न्हाई."

मॅडमना वाटलं, आत्याला विषय टाळायचाय. त्या आणखी मायेनं म्हणाल्या, "बोललं नाही म्हणून टळत नाही ना, आत्याबाई. या घरात गळती होणार हे मला आजच दिसतंय. ती होऊ नये म्हणून—"

"आत्या," मी म्हणाले, "शाळेतली गळती म्हंजी येगळी असती, ती—"

"गप!" आत्या केवढ्यांदा ओरडली. "तो शबुद पुन्हा तोंडातून काढलास तर बघ!"

मग ती उठली. मॅडमना हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाली, "मॅडम, तुमी शिकलेल्या हायत. तुमच्या जिभंला काय म्हणावं? उठा. आन् जाताना मागं वळून बघू नका."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मी मान खाली घातली. त्या गेल्यावर आत्यानं मीठमोहऱ्या मायवरून उतरवून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, पण धुराचा वास आला नाही. आला नाही म्हणजे दृष्ट मोठी, असं ती म्हणाली.

बा आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. बा बराच वेळ पायावरची माती खरवडत बसला. मग मला म्हणाला, "बाई, पोटचं सुखरूप सुटू दे. मंग शाळेचं बघू."

"आन् न्हाई सुटलं तर?" हे मी विचारलं नाही. आत्यानं विचारल्यासारखं उत्तर दिलं, "न्हाई सुटलं तर शाळेचं नाव बी घ्यायचं न्हाई ह्या घरात."

त्या दिवसापासून मी मायकडं जसं बघायला लागले तसं कधीच कुणाकडं बघितलेलं नाही. ती उठली की मी बघायचे ती कुठं हात टेकते. तिनं परसाकडून यायला वेळ लावला की मी मागं जाऊन बघायचे. ती एकदा म्हणाली, "काहून अशी बघती गं सारखी? मी काय मेंढी हाय का?" आणि हसली. घरात ती एकटीच हसायची. पण रात्रीच्या भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबायचा आणि ती पोटात काही हलतंय का याची वाट बघत बसायची. तवा तापत राहायचा.

वाघरीतलं थांबलं नव्हतं. प्रत्येक वेळी बा फावडं घेऊन निघाला की आत्या माझ्याकडं बघायची. जणू मीच ते घरात आणलं होतं, शाळेच्या पिशवीतून.

मॅडमना खरी गोष्ट मैत्रिणीनं सांगितली. वर्गात, सगळ्यांसमोर. "मॅडम, तुम्ही तिच्या मायला म्हणलात की तुमचं पोट गळणार." मैत्रीण मला सांगत होती की मॅडम खुर्चीवर नाही, खाली उंबऱ्यावर बसल्या. मग उठून त्यांनी फळा पुसला. पुसलेल्या फळ्याकडं बघत म्हणाल्या, "शाळेत एक आणि घरी दुसरा अर्थ असे आणखी कोणते शब्द आहेत? सांगा मला." पोरं सांगत सुटली. शाळेत पाठ वाचायचा असतो, आमच्या वस्तीवर पाठ म्हणजे अजून न व्यालेली शेळी. शाळेत तास घंटेनं संपतो, शेतात तास म्हणजे नांगरानं पडलेली रेघ. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुम्ही म्हणलात पाठ करून आणा, तव्हा मला वाटलं शेळी आणायची." मैत्रीण म्हणाली, सगळे हसले, पण मॅडम हसल्या नाहीत.

त्यानंतर एका दुपारी मी कोकरं घेऊन बांधाजवळ होते. मॅडम शाळेच्या रस्त्यानं आल्या आणि बांधाच्या पलीकडंच थांबल्या.

"मला माहीत नव्हतं गं."

"मला माहीतय मॅडम."

"मी येऊन आत्याबाईंना समजावून सांगू?"

"नका. आता तुम्ही काहीबी बोललात तरी तोच शबुद ऐकू येईल."

मग म्हणाल्या, "मग मी काय करू? तूच सांग."

मी बारा-तेरा वर्षांची. असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मायचं सुटेपर्यंत थांबा." त्यांनी मान हलवली. पण निघताना पिशवीतून पुस्तक काढलं. त्या बांधाच्या त्या बाजूला बसल्या, मी या बाजूला. मी वाचलं, त्यांनी बोट फिरवलं. असं काही दिवस चाललं. उजेडात, उघड्यावर, आजूबाजूला कापूस वेचणाऱ्या बाया. लपवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्यांनी पाहिलं.

मोठ्या गुरुजींनी मॅडमना बोलावून घेतलं. मैत्रीण खिडकीखाली उभी होती. गुरुजी म्हणत होते, "मॅडम, मला सांगा, उद्या त्या बाईला काही झालं तर? लोकं मला विचारणार न्हाईत तुमचा शब्द कोणत्या अर्थानं होता. शाळेला कुलूप लावतील. सगळ्या पोरांचं नुकसान. संशोधन तुमचं, अन् निस्तरायचं आमी."

मॅडम विचारत होत्या, "आणि ती मुलगी?"

"ती मुलगी घरची हाय. तिच्या घरचे बघतील."

मॅडम यायच्या थांबल्या. मी बांधाकडं बघत बसायचे. मला त्यांचा राग आला नाही. मी उलट घाबरले, कारण त्याही घाबरल्या होत्या. शिकलेलं माणूस घाबरलं म्हणजे आत्या म्हणते त्यात काहीतरी असेल, असं मला वाटायला लागलं. मी त्यांच्यासाठी आणि मायसाठी एकच नवस बोलले.

मायला दिवस भरायच्या आधीच दुखायला लागलं. भर दुपार होती. ती अंगणात शेंगा निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठायला गेली आणि उठलीच नाही. आत्या धावली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "लागला शबुद."

जीप आली. मायला आडवं घातलं. बा पुढं बसला, आत्या मागं. मी पाय उचलला तर आत्या म्हणाली, "तू थांब. मेंढरं कोण बघीन?" जीप जालन्याकडं गेली. दाराशी पडलेलं सूप मी उचललं नाही. शेंगा तशाच पसरलेल्या. शेजारची म्हातारी आली, माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेली आणि मध्येच काढून घेतला.

तो दिवस, आणि पुढचा, मी एकटीच. मेंढरांना चारलं, पाणी दाखवलं. एका मेंढीनं टाकलं. बा नव्हता, म्हणून हाताला पिशवी बांधून फावडं मीच घेतलं.

फोन शेजारच्यांकडं आला. शेजारचा माणूस बांधावरून ओरडत आला, "पोरगा झाला! जित्ता हाय! लहान हाय म्हणून काचंच्या पेटीत ठेवलाय, पण जित्ता हाय! तुझी माय बी बराबर हाय!"

मी खाली बसले. मला आधी भाऊ आठवला नाही, माय आठवली नाही. लाज वाटते सांगायला, मला ती काळीपिवळी जीप आठवली.

पेटीतून निघून तो घरी आला तेव्हा हातभर होता. आत्या त्याला कापसात गुंडाळून ठेवायची. बारसं उशिरा केलं, पण थाटात केलं. घुगऱ्या शिजवल्या, वस्तीवरच्या सगळ्या बाया आल्या. आणि आत्याच म्हणाली, "त्या मॅडमला बोलवा. तिनं बी बघितलं पाहिजे."

मॅडम आल्या. दारातच थांबल्या. आत्यानं हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं, खणानारळानं ओटी भरली. "मॅडम, मी तुमाला लई बोलले. पर तुमचा शबुद देवानं उलटा केला बघा. ह्या घरात काही गळलं न्हाई!" बाया हसल्या. मॅडमही हसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. माय अजून अशक्त होती, भिंतीला टेकून बसलेली. लेकरू माझ्या मांडीवर होतं. माझा एक हात त्याच्या मानेखाली, तसाच ठेवावा लागायचा, नाहीतर मान कलंडायची. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या त्या हाताकडं पाहिलं, आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं.

बाहेर बा पाव्हण्यांना पान देत होता. मॅडम त्याच्याकडं गेल्या. "दादा, सगळं छान झालं. आता हिची शाळा?"

"पाठवू की मॅडम!" बा इतका आनंदात होता. "बिलकुल पाठवू. मी शब्द दिल्ता ना. फक्त लेकराला जरा मान धरू द्या. हिची माय अजून उठंना, तुमी बघूच राह्यल्या."

"मान धरली की नक्की?"

"नक्की."

लेकरानं मान धरली. मॅडम आल्या. बा म्हणाला, "आता पालथं पडू राह्यलं मॅडम. नजर हटली की बाजंवरून खाली. बसू द्या त्याला." लेकरू बसायला लागलं. मॅडम आल्या. तेव्हा दात येत होते, अंग तापलेलं, ते दुसऱ्या कुणाकडं राहीना. मॅडम म्हणाल्या, "त्याला आठवीच्या शाळेत घेऊन जा. सतरंजी टाकायला मी तिथं सांगते." आत्या म्हणाली, "पेटीतलं लेकरू हाय ते, मॅडम. धुळीत न्हाई ठेवायचं." खोटं नव्हतं. डॉक्टरही तेच म्हणाले होते. प्रत्येक वेळी सगळ्यांचं बोलणं खरंच असायचं. सातवीची परीक्षा मधेच होऊन गेली होती. मला बसू दिलं, मी पास झाले. आठवीची जीप रोज सकाळी वस्तीच्या खालून जायची. मैत्रीण तीत असायची, सुरुवातीला हात करायची. नंतर मीच त्या वेळी विहिरीकडं जायला लागले.

मॅडम शेवटच्या वेळी आल्या तेव्हा लेकरू चालायला लागलं होतं. मी अंगणात त्याचे दोन्ही हात धरून उभी होते. त्यांना पाहून मी हात सोडले. तो डुलत डुलत त्यांच्यापर्यंत गेला. मॅडम खाली बसल्या, त्याला कवेत घेतलं, आणि माझ्याकडं बघून पहिल्यांदा मोकळं हसल्या.

"चालला गं! आता तर काही उरलं नाही ना? दादा कुठंत? आत्याबाई कुठंत? आजच बोलते."

माय दारात आली. तिनं मॅडमकडं पाहिलं नाही, माझ्याकडंच पाहत म्हणाली, "दोघं बी सकाळीच गेलेत, परतूरकडं. हिच्यासाठी जागा बघायला."

"जागा?"

"नुसतं बघून ठेवायलेत. लगेच न्हाई."

जागा म्हणजे आमच्याकडं लग्नाचं स्थळ, हे मॅडमना सांगावं लागलं नाही. वय म्हणाल्या, कायदा म्हणाल्या, मी नीट ऐकलं नाही. माय मान हलवत होती, त्यांचं पटत असल्यासारखी. मग मॅडमच थांबल्या. कवेतलं लेकरू त्यांच्या साडीची किनार चोखत होतं. त्यांनी ती हलकेच सोडवली, त्याला जमिनीवर उभं केलं, आणि ते माझ्याकडं चालत आलं.